पाणी सोडताना

रात्री नऊला मी पाटाचं तोंड बंद करतो.
केळीच्या खुंटाचा बोळा, वर दगड,
दगडावर चिखलाचा हात.
बापही हेच करायचा, पण फक्त भांडण झालं की.
आता वहीत लिहिलेलं आहे: सोमवार, बुधवार, शनिवार,
रात्री नऊ ते पहाटे पाच
किलिमांजारोच्या या उताराचं पाणी खालच्यांचं.

खालचे म्हणजे कोण,
हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं.
खाली दरी. दरीपुढे धूळ. बस्स.

मग सभेला नेलं कोरोग्वेला, बसने, पाच तास.
भिंतीवर नकाशा होता, अख्खी पांगानी नदी:
उपटून उलटं धरलेलं कॉफीचं रोप,
मुळं डोंगरात, शेंडा समुद्रात.
मी माझा पाट शोधला. नव्हता.
एवढ्या बारीक रेघा छापत नाहीत, साहेब म्हणाले.
खिशातल्या पेनाने मी ती ओढली.
कोणी अडवलं नाही.

धरणावरचा म्सुया म्हणाला, तळं आटलं की दिवे गेले.
उसाच्या मळ्याकडून टाय लावलेला एकजण आला होता,
त्याने घड्याळ पाहिलं, भाषण केलं, परत घड्याळ पाहिलं.
किमिरेईला गुरं आणता आली नाहीत,
म्हणून तो त्यांची नावं सांगत बसला, एकूण एक,
मागच्या दुष्काळात मेलेल्यांचीसुद्धा.
माशांकडून कोणी नव्हतं.
पाणघोड्यांना निरोप गेला नसावा.
जेवणापर्यंत आम्ही सगळे
एकमेकांना पाण्यात पाहत होतो.
कुठंतरी पाणी मुरतंय, जो तो म्हणत होता,
आणि बोट शेजारच्याकडे.

जेवणानंतर म्वानाईदी उठली, नदीच्या मुखापाशी राहणारी.
आमच्याकडे नदी उलटी चालते, म्हणाली.
भरतीला समुद्र वर चढतो, माडांच्या मुळांत शिरतो.
बारा माड गेले. तेरावा पिवळा पडतोय.
आणि खाली बसली.
तिने दोष दिला असता तर माझ्याकडे उत्तर होतं,
बसमध्ये पाठ करून ठेवलेलं.

गावात परतलो तर न्देआनका काकू दोन महिने बोलली नाही.
तिची पाळी नेमकी शनिवार रात्रीची.
इथं केळी माना टाकतायत, शेवटी एकदा म्हणाली,
आणि तू चाललास कुणाच्या नारळाला पाणी घालायला?
कधी पाहिलायस तो नारळ?
नव्हता पाहिला.
मी माझी मंगळवारची पाळी तिला दिली.
तिने घेतली. आभार वगैरे काही नाही.

परवा म्वानाईदीचा फोन आला.
तेरावा माड आहे तसाच आहे, म्हणाली,
बरा नाही, मेलेलाही नाही.
आमचं पाणी पोचतंय का, विचारायचं होतं.
कसं विचारू? मधे मळा आहे, धरण आहे, दलदल आहे,
कुणी न मोजलेले पंप आहेत.
आमचं म्हणून ते ओळखू कसं येणार?
मी विचारलं, तिकडे पाऊस?
नाही, ती म्हणाली. आणि थोडा वेळ
आम्ही दोघंही फोन धरून गप्प होतो,
पैसे जात होते.

म्हणून रात्री नऊला मी पाणी सोडतो.
खालच्यांना देतो, की त्यावर पाणी सोडतो,
हे अजून माझं मलाच कळलेलं नाही.
पहाटे पाचला बोळा काढतो तेव्हा
काकू फावडं घेऊन आधीच उभी असते,
पाटात अनवाणी.

एक सांगायचं राहिलं.
बोळा डाव्या कडेने जरा गळतो.
रात्रभर करंगळीएवढी धार.
तेवढ्यावर काकूच्या बांधावरच्या दोन केळी तगून आहेत.
ती फट बुजवायला चिखलाची एक मूठ पुरेल.
पाणी कुठं मुरतंय, मला माहीत आहे.
वहीत लिहिलेलं नाही.